शूरा, मतपेटी आणि ग्रामसभा

(चिचगड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

 

आजचा विषय मोठा आहे: इस्लाम आणि पाश्चात्त्य लोकशाही. मी आलिम नाही आणि राज्यशास्त्राचा प्राध्यापकही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे फतवा देणार नाही आणि डिग्रीचा रुबाबही दाखवणार नाही. जे वाचले, ज्यावर विचार केला, ते तुमच्यासमोर ठेवतो. पटले तर घ्या, नाही पटले तर इथेच बोला.

आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर दोन प्रकारचे व्हिडिओ येतात. एकात कोणीतरी छातीठोकपणे सांगतो की लोकशाही ही गोऱ्यांची चीज आहे, मुसलमानाने तिच्यापासून लांब राहावे. दुसऱ्यात दुसरा कोणी तितक्याच जोरात सांगतो की मुसलमानाच्या रक्तातच लोकशाही नाही. दोघे एकमेकांचे शत्रू, पण निष्कर्ष एकच: मुसलमानाचा आणि लोकशाहीचा संबंध नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या कानावर हे दोन्हीकडून पडत राहिले की तो मतदार यादीत नाव घालायला जात नाही, ग्रामसभेला जात नाही, आणि आपल्याबद्दलचे निर्णय दुसरेच घेतात, अशी तक्रार करत बसतो. म्हणून या विषयाला हात घातला.

आमच्या कामात एखादी यंत्रणा चांगली की वाईट हे तिच्या नावावरून ठरत नाही. आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो. इथेही चार प्रश्न विचारू. निर्णय कोण घेतो? निर्णयाला मर्यादा काय? चुकणाऱ्याला हटवायचे कसे? आणि मोजणीत कोण धरले जाते, कोण सुटते?

शूरा म्हणजे काय

कुरआनमध्ये एका सूरहचे नावच ‘अश-शूरा’ आहे. तिच्या ३८व्या आयतीत श्रद्धावंतांचे गुण सांगताना आपसातील सल्लामसलतीचा उल्लेख येतो. तो कुठे येतो ते बघा. आधी नमाज, मग सल्लामसलत, मग आपल्याला मिळालेल्यातून खर्च करणे. म्हणजे एकमेकांना विचारून कारभार करणे ही राजकारणाची युक्ती म्हणून सांगितलेली नाही, ती नमाज आणि दानाच्या रांगेत बसवली आहे.

दुसरा उल्लेख सूरह आले-इमरानच्या १५९व्या आयतीत आहे. त्याची पार्श्वभूमी मला फार महत्त्वाची वाटते. इ.स. ६२५, उहुदची लढाई. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे स्वतःचे मत मदीनेतच थांबून लढावे असे होते. बदरमध्ये संधी न मिळालेल्या तरुणांचा आग्रह बाहेर पडून लढण्याचा होता. बहुतेकांचा कल तिकडे दिसला आणि प्रेषितांनी तो मानला. लढाईत मोठे नुकसान झाले, सत्तर माणसे शहीद झाली, प्रेषित स्वतः जखमी झाले. अशा वेळी कोणताही नेता म्हणाला असता, ‘बघा, तुमचे ऐकले म्हणून हे झाले, यापुढे मी ठरवीन.’ पण त्या लढाईनंतर जो आदेश आला तो उलटा होता: यांना माफ करा, आणि कारभारात यांचा सल्ला घेत राहा. एखादा निर्णय चुकला म्हणून विचारण्याची पद्धत बंद करायची नाही. हे ज्याला कळले त्याला लोकशाहीचा निम्मा अर्थ कळला.

सल्ला फक्त पुरुष सरदारांचा होता असेही नाही. इ.स. ६२८मध्ये हुदैबियाच्या तहानंतर सगळे सहकारी नाराज होते, उठायला तयार नव्हते. तेव्हा काय करावे हे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचवले आणि प्रेषितांनी तसेच केले.

तिसरी गोष्ट मदीनेचा करार. इ.स. ६२२मध्ये मक्केहून आलेले मुहाजिर, मदीनेचे अन्सार आणि तिथले यहुदी यांना एका करारात बांधले गेले. प्रत्येकाचा धर्म आपापला, शहराचे रक्षण सर्वांचे. हा करार म्हणजे आजची राज्यघटना होती असे मी म्हणणार नाही. पुढे ते संबंध बिघडले, लढाया झाल्या, हेही इतिहासात आहे. पण वेगवेगळ्या धर्मांची माणसे करार करून एकत्र राहू शकतात, हा विचार आपल्या परंपरेच्या अगदी सुरुवातीला आहे. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८मध्ये संमिश्र राष्ट्रीयत्वाची बाजू मांडताना याच कराराचा आधार घेतला. फाळणीच्या मागणीला त्यांनी धर्माच्याच आधारे विरोध केला होता, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

जे ठरले नाही त्याची किंमत

आता दुसरी बाजू. शूराचे तत्त्व आले, पण तिची कार्यपद्धती ठरवून दिलेली नव्हती. पहिल्या चार खलिफांची निवड चार पद्धतींनी झाली. हजरत अबू बक्र (रजि.) यांची निवड सकीफाच्या बैठकीत झाली. त्यांनी हजरत उमर (रजि.) यांचे नाव सुचवून ठेवले. हजरत उमर यांनी सहा जणांची समिती नेमली, तिने हजरत उस्मान (रजि.) यांना निवडले. आणि हजरत अली (रजि.) यांच्या हातावर ऐन अशांततेत मदीनेत बैअत झाली.

हजरत अबू बक्र यांनी पहिल्याच भाषणात सांगितले होते की मी बरोबर असेन तर साथ द्या, चुकलो तर सरळ करा. शासकाने इतक्या स्पष्टपणे स्वतःला जनतेच्या हवाली केल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात कमी आहेत. पण सरळ करायचे कसे? तक्रार कुठे करायची, कोण निवाडा करणार, पायउतार कधी व्हायचे? हे ठरलेले नव्हते. हजरत उस्मान यांच्या काळात इराक आणि मिसरमधून तक्रारी घेऊन लोक आले. त्या मिटवण्याची सर्वांना मान्य अशी जागाच नव्हती, आणि शेवट खलिफांच्या शहादतीत झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत खिलाफत बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. नाव खिलाफतीचे राहिले, रीत बादशाहीची झाली.

आमच्या भाषेत सांगायचे तर हेतू उत्तम होता, पण यंत्रणा बंद न पाडता माणूस बदलायची सोय नव्हती. सातव्या शतकात ती जगात फारशी कुठेच नव्हती, म्हणून त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज ती सोय उपलब्ध असताना ‘ती आपली नाही’ म्हणून नाकारणे हा मात्र आपला दोष ठरेल.

पश्चिमेकडे काय झाले

पाश्चात्त्य लोकशाहीही आकाशातून तयार होऊन पडली नाही. अथेन्समध्ये नागरिक एकत्र जमून निर्णय घेत, पण त्यात बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन राहिलेले नव्हते. फ्रान्समध्ये १७८९मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, आणि त्याच फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४मध्ये. मुस्लिमबहुल तुर्कस्तानने तो १९३४मध्येच दिला होता. स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर बायका मत देऊ लागल्या त्या १९७१पासून. अमेरिकेत काळ्या माणसाचे मत प्रत्यक्षात सुरक्षित करायला १९६५चा कायदा लागला. आणि जे देश घरी लोकशाही चालवत होते तेच भारतात, अल्जीरियात, इंडोनेशियात राज्यही करत होते.

पण त्यांनी एक काम चिकाटीने केले. चांगला राजा मिळेल या आशेवर बसायचे सोडून, वाईट माणूस खुर्चीत बसला तरी नुकसान मर्यादित राहील अशी व्यवस्था बांधत गेले. ठरावीक मुदत, गुप्त मतदान, सत्तेची विभागणी, स्वतंत्र न्यायालय, वर्तमानपत्र. आमच्याकडे कंपनीत सर्वांत ज्येष्ठ माणसाने लिहिलेला कोडही दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात ज्येष्ठाचा अपमान नसतो. माणूस चुकतो हे गृहीत धरलेले असते. आदमची प्रत्येक औलाद चुकणारी आहे हे आपल्यालाही शिकवलेले आहे. मग सत्तेवरच्या माणसाला तो नियम का लावू नये?

बहुमताचा धोकाही तिथे दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये २००९मध्ये सार्वमत घेऊन नवे मिनार बांधायला बंदी केली गेली. सुमारे साडेसत्तावन्न टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिले. मतपेटी होती, मोजणी चोख होती, आणि तरीही एका लहान समाजावर अन्याय झाला. तेव्हा केवळ डोकी मोजणे म्हणजे लोकशाही, असे समजू नका. आपण अल्पसंख्य आहोत, आपल्याला तर हे लवकर कळायला हवे. बहुमताला हात लावता येणार नाही अशा काही गोष्टी आधीच लिहून ठेवाव्या लागतात. त्यालाच आपण मूलभूत हक्क म्हणतो.

सार्वभौम कोण?

इथे खरा वाद येतो. पाश्चात्त्य विचार म्हणतो, सत्ता लोकांची. मुसलमान म्हणतो, सत्ता अल्लाहची. मग जुळायचे कसे?

या वादातला एक मोठा माणूस महाराष्ट्राच्या मातीतला आहे. मौलाना मौदूदी यांचा जन्म १९०३मध्ये औरंगाबादला झाला. त्यांनी सार्वभौमत्व ईश्वराचे आणि त्या चौकटीत लोकांचा कारभार, अशी मांडणी केली. इक्बाल यांनी १९३०मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत वेगळी वाट दाखवली: इज्तिहादचा अधिकार एकेकट्या विद्वानांकडून निवडलेल्या विधिमंडळाकडे जावा. इजिप्तमध्ये अल-अझहरचेच आलिम अली अब्दुर राज़िक यांनी १९२५मध्ये लिहिले की इस्लामने कोणतीही एक राज्यपद्धती बंधनकारक केलेली नाही. त्याबद्दल त्यांना आलिमांच्या यादीतून काढण्यात आले. म्हणजे ‘इस्लामचे मत’ म्हणून जे एका वाक्यात सांगितले जाते, त्यावर आपल्याच विद्वानांत शंभर वर्षे चर्चा चालू आहे.

माझे म्हणणे साधे आहे. सत्ता अल्लाहची, हे मी मानतो. पण अल्लाहचा हुकूम काय आहे हे जमिनीवर सांगणार माणूसच. तो माणूस कोण निवडणार, आणि तो चुकला तर कोण सांगणार? ‘मी अल्लाहच्या वतीने बोलतो’ असे म्हणणाऱ्याला जर कोणी प्रश्न विचारू शकत नसेल, तर तिथे सत्ता अल्लाहची राहत नाही, त्या माणसाची होते. सत्ता अल्लाहची याचा मला कळणारा अर्थ असा की कोणताही माणूस सार्वभौम नाही. राजा नाही, मौलाना नाही, आणि एक्कावन्न टक्के लोकही नाहीत.

आता आपली घटना काय म्हणते बघा. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही. म्हणजे इथेही बहुमत सर्वशक्तिमान नाही. फरक उरतो तो असा की श्रद्धावंत ती मर्यादा ईश्वराकडून आली असे मानतो, आणि घटना ती सर्वांच्या कराराने ठरवते. अनेक धर्मांच्या देशात माझी श्रद्धा मी शेजाऱ्यावर लादू शकत नाही आणि त्याने त्याची माझ्यावर लादू नये. मग दोघांना एकत्र बांधणारी चीज करारच असू शकते. आणि दिलेला करार पाळणे हे तर आपल्यावर फर्जच आहे.

हा करार आपल्या माणसांनीही केला आहे. संविधान सभेत मौलाना आझाद होते. बेगम एजाज़ रसूल होत्या, सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य, ज्यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. आणि लोकशाही फक्त पश्चिमेची नाही, हे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सांगितले. बौद्ध भिक्षुसंघांत ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे होते, याची त्यांनी आठवण करून दिली. त्यांनी संघाकडे बोट दाखवले, आपण शूराकडे दाखवू. प्रत्येकाने आपल्या घरातून एकेक वीट आणली तर इमारत सर्वांची होते.

आपल्या या भागातली गोष्ट

देवरी तालुक्यातल्या या पट्ट्यात १९५१पर्यंत जमीनदारी-मालगुजारी होती. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, अजून तिची आठवण देतात. कोणाचे चालणार हे जन्मावरून ठरत होते. नंतर मत आले. १९५४मध्ये डॉ. आंबेडकर स्वतः भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. ज्यांनी प्रत्येकाच्या हातात मत दिले त्यांनाच इथल्या मतदारांनी हरवले, आणि त्यांनी तो निकाल स्वीकारला. मघाशी मी म्हटले ना, यंत्रणा बंद न पाडता माणूस बदलायची सोय? ती हीच. हरलेला माणूस जिवंत आणि सन्मानाने घरी जातो.

आता शेजारच्या गडचिरोलीकडे बघा. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असेल तर विषय थांबतो, अभ्यास गटात चर्चा होते, मग पुन्हा बैठक. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११पासून ते स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. मला हे वाचताना शूराच आठवली. इंडोनेशिया या जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशानेही आपल्या पंचशीलात सल्लामसलतीतून चालणारी लोकशाही हे तत्त्व घेतले आहे. त्यांचा शब्द ‘मुशावरा’ आपल्या ‘मशवरा’चाच भाऊ आहे.

पण सहमतीलाही एक धोका आहे. गप्प बसलेल्याला आपण सहमत धरतो. गरीब बोलत नाही, बाई बोलत नाही, दोन घरे असलेला समाज बोलत नाही, आणि म्हणायचे की सगळ्यांना मान्य आहे. खेड्याविषयी आंबेडकर इतके कठोर बोलले ते यासाठीच. म्हणून सहमतीच्या मागे नियम लागतात. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. शूराला जी कार्यपद्धती मिळाली नाही ती ही.

आणि ध्यानात घ्या, त्या ग्रामसभेत गावातला प्रत्येक प्रौढ माणूस सदस्य आहे. तुमची चार घरे असोत की चाळीस. तिथे जागा आहे. ती रिकामी ठेवली तर ती कोणी हिसकावली असे म्हणता येणार नाही.

आपल्या घरातली शूरा

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. आपण स्टेजवर शूराचे गोडवे गातो, पण आपल्या किती मशिदींच्या, दर्ग्यांच्या, जमातींच्या कमिट्यांची मुदत ठरलेली आहे? किती ठिकाणी हिशेब भिंतीवर लागतो? मी नोकरीनिमित्त ज्या शहरात राहिलो तिथे एका कमिटीला आम्ही काही तरुणांनी वर्षाचा जमाखर्च मागितला. उत्तर मिळाले, ‘बेटा, तुम्ही इबादतीकडे लक्ष द्या.’ हिशेब मागणे हे इबादतीच्या विरुद्ध कधीपासून झाले?

मुंबईतल्या दाऊदी बोहरा सुधारकांनी हा प्रश्न फार मोठी किंमत देऊन विचारला. बहिष्काराला आळा घालणारा १९४९चा मुंबई कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाच्या आपला कारभार चालवण्याच्या हक्काचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळे मत नोंदवले. तो प्रश्न २०२३मध्ये पुन्हा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने सर्व समाजांसाठी २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. या लढ्यातले असगर अली इंजिनिअर हे शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, मुंबई महापालिकेत वीस वर्षे नोकरी केलेले. त्यांनी आपल्या समाजाला प्रश्न विचारले ते कुरआन हातात घेऊन आणि घटना समोर ठेवून. दोन्हीपैकी एक सोडावे लागते असे त्यांनी कधी मानले नाही.

सरकारकडे न्याय मागायचा आणि घरात हिशेब मागणाऱ्याला गप्प करायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आपल्या कमिटीत बायकांचे मत विचारले जात नसेल, तर उम्मे सलमांचे नाव घेण्याचा आपल्याला किती अधिकार आहे?

म्हणून तीन कामे सुचवतो. पहिले, अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव मतदार यादीत आहे का ते या महिन्यात तपासा, मुलींचे विशेष करून. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे हमखास राहतात. दुसरे, पुढच्या ग्रामसभेला एकटे न जाता घरातल्या बायकांसह जा. महाराष्ट्रात सभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ती अट राहत नाही. मग पाच-दहा माणसेच गावाचे ठरवतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे आपल्या आया-बहिणी दिसू द्या. आणि तिसरे, आपल्या मशीद कमिटीला नम्रपणे सांगा की मुदत ठरवू या, निवड मतदानाने करू या, हिशेब फलकावर लावू या. भांडण नको, सही घेऊन अर्ज द्या. उत्तर नाही आले तर पुन्हा द्या.

हे काम कंटाळवाणे आहे. त्यात घोषणा नाहीत, व्हिडिओही चालणार नाही. पण उहुदनंतरही विचारत राहायला सांगितलेली उम्मत आपण आहोत. एका सभेत हरलो म्हणून पुढच्या सभेला जायचे सोडू नका.

आता मी थांबतो. प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मागे बसलेल्या मुलींकडून येऊ द्या.